ऊन खिडकीबाहेरच थांबावे

घर सजविण्याच्या अंदाजपत्रकात पडद्यांचा क्रमांक बहुधा अखेरचा असतो. फरशी, ओटा, विजेची जोडणी, रंगरंगोटी हे सारे आटोपले म्हणजे उरलेल्या रकमेतून पडद्याचे कापड घेतले जाते. आणि ते घेताना भिंतीचा रंग व सोफ्याची खोळ यांच्याशी ते जुळते की नाही, एवढेच पाहिले जाते. खिडकीत येणाऱ्या उन्हाशी ते जुळते काय, हा प्रश्न दुकानात क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र वैशाखात मिळते. निरभ्र दुपारी पश्चिमेकडील भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ६०० वॅट इतकी सौर ऊर्जा पडत असते. चार फूट लांब व चार फूट रुंद खिडकीला साधी काच असेल, तर त्यांपैकी जवळजवळ ८५ टक्के ऊर्जा आत शिरते. म्हणजे सुमारे साडेसातशे वॅटचा एक हीटर भर उन्हाळ्यात, ऐन दुपारी, घरात चालू ठेवल्यासारखे होते. मग त्या हीटरवर मात करण्यासाठी वातानुकूलन यंत्र घ्यायचे आणि दोहोंच्या झुंजीचे देयक दरमहा भरायचे, असा हा व्यवहार आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास काशीइतके योग्य शहर क्वचितच सापडेल. एक तर तेथे उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा हे तिन्ही ऋतू आपापले रूप कसलाही आडपडदा न ठेवता दाखवितात. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पश्चिमेकडून लू वाहते. आषाढात हवा घामट होते. पौष-माघात धुके उतरते आणि रात्री आठ-दहा अंशांपर्यंत थंड होतात. दुसरे असे की, या शहराच्या घरांना दिशा आहे. गंगा येथे उत्तरवाहिनी होते आणि घाटांची सारी रांग तिच्या पश्चिम तीरावर आहे. त्यामुळे घाटावरच्या घराची दर्शनी खिडकी पूर्वेला आणि पाठ पश्चिमेला, हे जणू ठरूनच गेलेले आहे.

तिसरे कारण मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचे आहे. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा घाट या परिसरात महाराष्ट्रीय कुटुंबांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पैठणहून येथे येऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील गागाभट्ट १६७४ साली रायगडावरील राज्याभिषेकासाठी याच नगरीतून गेले. भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्याबाई घाट ही नावे तर स्वतःच इतिहास सांगतात. दक्षिणेकडून आलेल्या या माणसांनी मराठी भाषा, सणवार आणि स्वयंपाक जपला. खिडक्यांच्या बाबतीत मात्र त्यांना काशीचेच शास्त्र स्वीकारावे लागले. लू मराठी-हिंदी असा भेद करीत नाही!

सूर्य कोठून येतो?

दशाश्वमेध घाटाशेजारी मान मंदिराची वास्तू आहे. नदीकडे झुकलेल्या तिच्या कोरीव दगडी झरोक्यासाठी ती प्रसिद्ध आहे, आणि तिच्या गच्चीवर जयपूरच्या सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आहे. तेथील सम्राट यंत्राच्या सावलीवरून वेळ वाचता येते. पडदा निवडू इच्छिणाऱ्याने खरे तर असाच सावलीचा अभ्यास आपल्या घरापुरता करावयाचा असतो.

काशीचे अक्षांश सुमारे २५.३ अंश उत्तर आहेत. त्यावरून काढलेले गणित असे : २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून ८८ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो, २२ डिसेंबरला तो अवघ्या ४१ अंशांवर असतो. आता दक्षिणेकडील चार फुटी खिडकी घ्यावी आणि तिच्यावर दोन फूट पुढे आलेला छज्जा आहे असे समजावे. जूनमध्ये त्या छज्ज्याची सावली सबंध खिडकीवर पडते. डिसेंबरमध्ये ती पावणेदोन फूटच खाली येते आणि खिडकीच्या खालच्या, अधिक मोठ्या भागातून ऊब देणारे ऊन खोलीत पसरते. नको तेव्हा अडविणे आणि हवे तेव्हा आत घेणे ही दोन्ही कामे हा छज्जा कोणी दोरी न ओढता करतो. दक्षिणेच्या खिडकीसाठी महागडा उष्णतारोधक पडदा घेणे हा म्हणूनच पुष्कळदा वायफळ खर्च ठरतो.

पूर्व आणि पश्चिम यांची गोष्ट वेगळी आहे. जूनमध्ये दुपारी चार वाजता सूर्य ३६ अंशांवर आलेला असतो आणि तोच दोन फुटी छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर दीड फुटाच्या आतच सावली देतो. साडेपाचला ती वीतभरही राहत नाही. छज्जा कितीही वाढविला तरी मावळतीचे तिरपे ऊन त्याखालून आत येणारच. तेथे उभे आवरण, म्हणजे पडदा, चिक किंवा झडप, यांवाचून गत्यंतर नाही. (भारतीय प्रमाणवेळेचे ८२.५ अंशांचे रेखावृत्त शेजारच्या मिर्झापूरजवळून जाते. त्यामुळे काशीत घड्याळाचे आणि सूर्याचे बारा जवळपास एकदमच वाजतात. मुंबईकराने हे गणित वापरताना सुमारे ३९ मिनिटे पुढे धरावीत.)

उत्तरेच्या खिडकीत उन्हाळ्यातील सकाळ-संध्याकाळचे थोडे ऊन सोडले तर थेट सूर्य येत नाही. तेथे केवळ खासगीपणा हवा असतो. पातळ सुती पडदा पुरतो आणि दिवसा दिवा लावावा लागत नाही.

आत की बाहेर?

येथे या विषयाच्या गाभ्याशी यावे लागते. पडदा कशाचा असावा याची चर्चा होते. तो कोठे असावा याची होत नाही. वस्तुतः दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे.

सूर्यकिरण काच ओलांडून आत आले आणि पडद्यावर पडले, म्हणजे पडदा तापतो. तापलेला पडदा जी उष्णता बाहेर टाकतो ती दीर्घ लहरींची असते, आणि अशा लहरींना साधी काच आरपार जाऊ देत नाही. पडदा आणि काच यांच्यामधील हवा तापून वर चढते, पडद्याच्या माथ्यावरून खोलीत उतरते आणि तिची जागा घेण्यासाठी खालून गार हवा आत ओढली जाते. खोली अंधारी होते, तरी गार होत नाही, हा अनुभव अनेक घरांत येतो तो यामुळेच. पडद्याची काचेकडील बाजू पांढरी असेल, तर काही किरण आल्या पावली परत जातात. गडद रंगाच्या जाड पडद्यात तेवढीही सोय नाही. तीच उष्णता काचेच्या बाहेर अडविली, तर तापलेले आवरण आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्यालाच देते.

फरक किती पडतो? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार मध्यम रंगाचा, पांढऱ्या प्लास्टिकचे अस्तर असलेला आतील पडदा उन्हामुळे येणारी उष्णता ३३ टक्क्यांपर्यंत कमी करू शकतो. पश्चिमेकडील खिडकीवर बाहेरून लावलेली कनात ती ७७ टक्क्यांपर्यंत कमी करते. चिक म्हणजे कनात नव्हे, तिच्या कामट्यांच्या फटींतून थोडे ऊन झिरपतेच. तरीही दोन आकड्यांमधील अंतर पुरेसे बोलके आहे. भारतात २०१८ साली निवासी इमारतींसाठी जाहीर झालेल्या ‘इको निवास संहिते’चा रोखही असाच आहे. भिंती-खिडक्यांवाटे घरात येणाऱ्या उष्णतेच्या हिशेबात ती काचेबाहेरचे छज्जे आणि उभे पाखे जमेस धरते. आतील पडद्यांना त्या हिशेबात स्थान नाही.

चिक

बाहेर टांगावयाचे आवरण ऊन, वारा आणि धूळ सोसणारे, हलके आणि गुंडाळता येण्याजोगे हवे. या सर्व अटी पुरवणारी वस्तू उत्तर भारतात शतकानुशतके आहे, ती चिक. बांबूच्या किंवा सरकंड्याच्या बारीक कामट्या सुतळीने अगर जाड दोऱ्याने विणून, कडेला नाडी शिवून ती तयार होते. पाठीमागे निळे किंवा हिरवे सुती कापड लावण्याची रीत आहे. पूर्व उत्तर प्रदेशात बांसफोर आणि धरकार समाजातील कारागीर बांबूची कामे करतात; महाराष्ट्रात ती बुरुडांची कला आहे आणि पुण्याच्या बुरूड आळीचे नाव त्यावरूनच पडले आहे.

चिकेचा एक गुण काशीच्या गल्ल्यांत विशेष उपयोगी पडतो. तेथे समोरासमोरच्या खिडक्यांत कित्येकदा दोन हातांचेही अंतर नसते. खोलीत बाहेरच्यापेक्षा उजेड कमी असल्याने आतील माणसाला चिकेतून गल्ली दिसते, गल्लीतील माणसाला खोली दिसत नाही. संध्याकाळी आत दिवा लागला की हा नियम उलटतो, हे मात्र विसरू नये. घाटाकडच्या पूर्वेच्या खिडकीत चिकेचा लाभ दुहेरी आहे, कारण तेथे सकाळी सूर्याचे किरण सरळ तर येतातच, शिवाय नदीच्या पाण्यावरून आणि पैलतीरावरील वाळूवरूनही परावर्तित होऊन येतात. ही खालून येणारी तिरीप छज्जा अडवू शकत नाही. चिक अडविते आणि नदीवरची झुळूक मात्र येऊ देते.

ती टांगताना काचेपासून वीतभर अंतर सोडावे आणि वरची बाजू बंद करू नये, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते. दोन्ही बाजूंना चौकटीपेक्षा निदान अर्धा फूट अधिक रुंदी घ्यावी. मापात काटकसर केली, की कडेची उन्हाची पट्टी दिवसभर खोलीतून फिरत राहते.

काशीत बाहेर टांगलेल्या कोणत्याही वस्तूला एक प्रतिस्पर्धी आहे, तो म्हणजे माकड. घाटावरील वानरसेनेपुढे चिक, कापड आणि वाळत घातलेले धोतर सर्व समान आहेत. म्हणून तेथे लोखंडी जाळी सर्वांत बाहेर, तिच्या आत चिक आणि त्याच्या आत झडपा किंवा तावदाने, असा क्रम सोयीचा ठरतो. झडपा आत उघडणाऱ्या असल्या तर ही रचना सहज जमते. नव्या सदनिकांत सरकती तावदाने असतात; तेथेही जाळी आणि काच यांच्यामधील जागा मोकळीच असते. गृहनिर्माण संस्थेने इमारतीच्या दर्शनी रूपासाठी नियम केलेले असतील, तर या मधल्या जागेत लावलेली चिक बहुधा नियमात बसते. तरी लेखी विचारून घेणे बरे.

पर्यावरणाच्या दृष्टीने बांबूचा पक्ष बळकट आहे. तो वनस्पतिशास्त्राप्रमाणे गवत असून कापल्यावर त्याच कंदातून पुन्हा वाढतो. वनक्षेत्राबाहेर लावलेल्या बांबूला २०१७ सालच्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आले, त्यामुळे शेतकऱ्याला तो तोडून विकणे सोपे झाले. बांबूचा शत्रू म्हणजे त्याला पोखरणारा भुंगा. कामट्यांना बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणाची प्रक्रिया केलेली असेल, तर चिक पुष्कळ वर्षे टिकते. खरेदीच्या वेळी चिक उभी धरून झटकावी. पिठासारखी पूड गळाली, तर ती कितीही स्वस्त असली तरी परत ठेवावी. आणखी एक : कारखान्यात चकचकीत रोगण चढवून, प्लास्टिकच्या धाग्याने विणलेले ‘बांबू ब्लाइंड’ दूरवरून मागविण्यापेक्षा गावातील कारागिराकडून माप देऊन करून घेतलेली साधी चिक अधिक पर्यावरणस्नेही ठरते, आणि एखादी दोरी तुटली तर ती दुरुस्त करणारा माणूसही जवळच असतो.

वाळ्याची ताटी

लू सुरू झाली की केवळ सावली पुरत नाही. आत येणारी हवाच भाजून काढते. तेव्हा उपयोगी पडते ती वाळ्याची ताटी, हिंदी प्रदेशातील खसची टट्टी. मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांमुळे हा शब्द मराठी माणसाच्या परिचयाचा आहे. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळे दाबून भरावयाची, ती चौकट वाऱ्याच्या बाजूच्या दारा-खिडकीत बसवावयाची आणि तिच्यावर पाणी शिंपडीत राहावयाचे. वाळ्याच्या अशा खोल्यांचा उल्लेख ‘आईन-इ-अकबरी’त आहे आणि त्यांचे श्रेय अबुल फझलने अकबराला दिले आहे.

तिचे काम बाष्पीभवनावर चालते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत एका युनिटाच्या दोन-तृतीयांश इतकी उष्णता शोषली जाते. ताटीतून तासाला चार लिटर पाणी उडून गेले, तर सुमारे पाऊण टनाच्या वातानुकूलन यंत्राइतकी उष्णता शोषली गेली, असे होते. अर्थात ही तुलना सरळ नाही. यंत्र खोलीतील हवाच पुनःपुन्हा थंड करते. ताटी बाहेरची तप्त हवा थंड करून आत सोडते, आणि त्या हवेला दुसऱ्या बाजूने बाहेर पडण्याची वाट ठेवावी लागते. जुन्या घरांतील चौक ती वाट देत असे. बंद सदनिकेत समोरची खिडकी किलकिली ठेवली नाही, तर खोली गार होण्याऐवजी दमट होते.

हवामान कोरडे असेल तेव्हाच ही किमया घडते. तापमान ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असताना पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त २३ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षातील ताटी ती तीसच्या आसपास आणते. तेच तापमान ३४ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के झाली, म्हणजे श्रावणातील काशी आली, की चार अंशांचाही उतार मिळत नाही. ज्येष्ठातील संजीवनी श्रावणात निरुपयोगी होते. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या घरात वाळ्याचा पडदा ओला करणे म्हणजे सुवासिक दमटपणा विकत घेणे होय. नागपूर, चंद्रपूर, अकोला येथे मात्र कूलरमधील वाळा मे महिन्यात आपला गुण दाखवितोच.

वाळ्याबाबत एक सावधगिरी सांगावीशी आहे. या गवताची मुळे खोल जातात आणि माती धरून ठेवतात. म्हणूनच बांधावर आणि नदीकाठी त्याची मुद्दाम लागवड केली जाते. नदीकाठचे रानवाळे खणून काढले, तर ज्याने काठ सांभाळावयाचा तोच उपटला जातो. सुगंधी तेलासाठी वाळ्याची शेती होते आणि लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने त्याचे सुधारित वाणही दिले आहेत. विकत घेताना लागवडीचा वाळा मागावा. ताटीखालच्या पन्हाळीत पाणी साचू देऊ नये, डासांना तेवढेच पुरते. मुळांना कुबट वास येऊ लागला की ती बदलावीत. जुनी मुळे बागेत कुजविता येतात.

आतील पडद्याचे काम

एवढे वाचून आतील पडदे निरर्थक आहेत, असा ग्रह करून घेऊ नये. त्यांचा खरा ऋतू हिवाळा आहे. जानेवारीच्या रात्री काशीत काच थंड पडते आणि तिच्यालगतची हवा गार होऊन जमिनीवर उतरते. कोठेही फट नसताना पायाला वारा लागतो तो हाच. जाड, अस्तर लावलेला पडदा वर पेल्मेटमध्ये, दोन्ही कडांना भिंतीला आणि खाली उंबऱ्याला टेकेल असा असला, तर हे चक्र थांबते. उत्तर हिंदुस्थानात थंडीसाठी दारांवर कापूस भरलेले रुईदार पडदे लावीत, त्यामागे हेच तत्त्व होते. मात्र दिवसा, विशेषतः दक्षिणेचा पडदा, पूर्ण सारून ठेवावा.

कापड कोणते? सुती, खादी किंवा तागाचे. पॉलिएस्टर टिकते हे खरे, परंतु प्रत्येक धुण्याबरोबर त्याचे सूक्ष्म तंतू सांडपाण्यात जातात. कापसाच्या पिकालाही पाणी आणि फवारणी पुष्कळ लागते, त्यामुळे नवे सुती कापड म्हणजे निसर्गाला फुकट पडणारी वस्तू नव्हे. सर्वांत कमी भार टाकणारा पडदा म्हणजे घरात असलेल्याच कापडाचा : जुनी नऊवारी, धोतरे, झिजलेली चादर यांची दुहेरी शिवण. गोधडी शिवणाऱ्या घरांना हे निराळे सांगावयास नको. बनारसी शालूचा पडदा करण्याचा मोह काशीत अनेकांना होतो. रेशीम उन्हाने लवकर जीर्ण होते, तेव्हा मागे सुती अस्तर लावावे आणि तो पूर्व-पश्चिमेच्या खिडकीत लावू नये.

पीव्हीसी प्लास्टिकच्या पट्ट्यांचे पडदे पुसावयास सोपे म्हणून कार्यालयांतून घरांत आले. १९९६ साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने आयात केलेल्या काही व्हिनाइल पट्ट्यांत शिसे आढळल्याचा आणि ऊन-उष्णतेने पट्टी झिजून शिशाची धूळ पृष्ठभागावर येत असल्याचा इशारा दिला होता. रांगणारे मूल ज्या घरात आहे तेथे जुन्या, ठिसूळ झालेल्या अशा पट्ट्या काढून टाकणेच शहाणपणाचे. ओढावयाच्या दोऱ्यांचा धोका त्याहून मोठा आहे. लोंबकळणारा फास लहान मुलाच्या गळ्यात अडकून परदेशांत अनेक मृत्यू झाले, आणि अमेरिकेत २०१८ च्या अखेरीपासून तयार मापाचे ब्लाइंड दोरीविना किंवा हाती न लागणाऱ्या दोरीचेच विकण्याचे मानक लागू झाले. आपल्याकडे चिकेची दोरीही अशीच लोंबते. भिंतीत पाच फूट उंचीवर खुंटी ठोकून दोरी तिला गुंडाळण्यास चार आणेही लागत नाहीत.

पैशाचा हिशेब

बचतीचे दावे ऐकताना बँकेच्या ग्राहकाने थोडे गणित करावे. वर वर्णिलेल्या पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाळ्यातील एका दिवसात सुमारे अडीच युनिट उष्णता आत येते. बाहेरच्या चिकेने तिचा दोन-तृतीयांश भाग अडविला असे धरले, तर वातानुकूलन यंत्राची रोज अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज वाचते. अशा दोन खिडक्यांमागे शंभर दिवसांत सुमारे ११० युनिट. आपल्या देयकावरील दराने त्याला गुणावे. रक्कम डोळे दिपविणारी नाही, परंतु साध्या चिकेची किंमत एक-दोन उन्हाळ्यांत वसूल होण्याजोगी आहे. मोठा लाभ निराळाच आहे. ऐन दुपारी दोन खिडक्यांवरील सुमारे एक किलोवॅटचा भार हटतो, म्हणजे यंत्राची गरज पाव टनाहून अधिक कमी होते. म्हणून आधी खिडक्या झाकाव्यात, एक उन्हाळा पाहावा आणि मग यंत्राची क्षमता ठरवावी. क्रम उलटा केला, तर मोठे यंत्र घरात येऊन बसते आणि हप्ते चालू राहतात.

ज्या घरात यंत्र नाही, किंवा आहे पण वीज जाते, तेथे हा हिशेब पैशात मांडता येत नाही. २०२४ साली लोकसभा निवडणुकीच्या अखेरच्या टप्प्यात उत्तर प्रदेशात उष्म्यामुळे ३३ निवडणूक कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाल्याचे तेथील मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले होते. १ जूनच्या त्या टप्प्यात वाराणसीचेही मतदान होते. ती माणसे घराबाहेर कर्तव्यावर होती. परंतु दिवसभर तापलेली भिंत रात्री खोलीत उष्णता सोडत राहते, आणि तिच्याशेजारी खाटेवर पडलेल्या वृद्ध माणसाच्या शरीराला विसावा मिळत नाही, तेव्हा धोका घरातही शिरलेला असतो. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम होण्यापूर्वी, पश्चिमेच्या झडपा लावून चिक सोडणे आणि रात्री बाहेर गार झाल्यावर सारे सताड उघडणे ही जुन्या घरातील नित्याची शिस्त. ती पाळणारे घर वीज गेली तरी काही तास तग धरते. उघडण्याला म्हणूनच झाकण्याइतके महत्त्व आहे. उल्लेखिलेली इको निवास संहिता काशीसारख्या संमिश्र हवामानात चटईक्षेत्राच्या किमान १२.५ टक्के इतके उघडता येणारे क्षेत्र असावे असे सांगते. कायमचा चिकटवलेला काळा कागद आणि न सरकणारा जड पडदा यांनी हेच क्षेत्र बुजते.

महाराष्ट्रातील वाचकाने काशीची नक्कल न करता आपल्या हवेप्रमाणे निवड करावी. पुण्या-नाशिकच्या रात्री बहुधा गार होतात. तेथे पश्चिमेची चिक आणि रात्रीची उघडी खिडकी एवढ्यावर पुष्कळदा भागते. कोकणात सावलीइतकेच वाऱ्याला महत्त्व आहे, म्हणून पडवीला विणलेल्या झापांचा किंवा विरळ चिकेचा आडोसा बरा. गोव्यातील जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या तावदानांनी प्रखर ऊन मवाळ करून घेण्याची युक्ती तर जगाने पाहावी अशी आहे.

चिक माघात सांगून ठेवावी. होळीनंतर कारागिरांकडे गर्दी होते. आषाढातील पहिली झड येण्यापूर्वी ती उतरवावी, कोरड्या फडक्याने पुसून एक दिवस उन्हात तापवावी आणि कडुनिंबाचा पाला घालून गुंडाळावी. भिंतीला टेकवून उभी ठेवल्यास कामट्या वाकतात. माळ्यावर आडवी ठेवावी. दसऱ्याच्या साफसफाईत ती पुन्हा काढली म्हणजे कोठे भुंगा लागला आहे का, ते कळते.